वन्संची गाडी आणि कमानपाटे

भाचीच्या बाळंतपणासाठी म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये मी इंग्लंडला वन्संकडे गेले. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं बांधून नेलं होतं. आणि झालं काय, तर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या गॅरेजात जुनी सतरंजी अंथरून, हातात बॅटरी धरून बसले होते!

वन्संच्या यजमानांची एक एमजीबी होती, 1972 सालची. दोघांपुरती, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ती बनत होती. यजमान गेले आणि गाडी चादरीखाली पडून राहिली. शेवटी शेवटी तर मागून इतकी बसली होती, की खड्ड्यात चाक गेलं की खालून खण्णकन आवाज यायचा. जावई म्हणाले, "विकून टाका." वन्सं म्हणाल्या, "विकायची तर धड करून विकेन."

तिकडे 2018 पासून चाळीस वर्षांपुढच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या तपासणीची सक्ती राहिलेली नाही. म्हणजे दोष दाखवायला कुणी नाही, जबाबदारी मात्र आपली.

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या ट्रकला, जुन्या ॲम्बॅसडरला मागे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात ना, कमानपाटे? तेच या देखण्या गाडीच्या पोटाखाली! ॲम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. तेव्हा या दोघी नात्यातल्याच. वर्षानुवर्षं भार सोसून पाटे सपाट होतात आणि गाडी बसते. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे जोडीने, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

वन्सं आधी चार दिवस पुस्तक वाचत होत्या. मग पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागून जॅकने गाडी उचलली आणि बॉडीखाली लोखंडी घोड्या ठेवल्या. मी उत्साहाने वाकून आत डोकावले, तशा ओरडल्या, "थांब! नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं." घोड्या नीट बसल्यात का, हे गाडी हलवून पाहिलं, तेव्हा कुठे मला परवानगी मिळाली.

शॉकअपचा दुवा सुटला, पाटा ॲक्सलला धरून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट सुटले, मागची कडीसुद्धा सुटली. अडला तो पुढचा बोल्ट. गंजून बुशाच्या आतल्या नळीला असा चिकटला होता, की काही केल्या हलेना. दोन रात्री तेल सोडून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वन्संनी पाना टाकला आणि भिंतीला टेकून रडल्या. "यांना जमलं असतं," एवढंच म्हणाल्या. मी चहा केला. तो अर्धवट टाकून त्या उठल्या आणि हॅकसॉ घेऊन बसल्या. एका बाजूने मी, एका बाजूने त्या, आळीपाळीने कापत होतो. संध्याकाळी तो बोल्ट तुटून फरशीवर पडला. एका बोल्टासाठी एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

(आमच्या महिला मंडळात शिलाई मशीनला तेल घालायला आम्ही हौसेने शिकवतो, मोपेडचा प्लग साफ करायला मात्र पोरांना हाक मारतो. यात मीही आलेच.)

दुसरी बाजू दीड दिवसात झाली. नवे पाटे चांगलेच जड, दोघींनी मिळून उचलले. आणि एक गंमत कळली. रबरी बुशांचे बोल्ट गाडी उचललेली असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आला की मग शेवटचा आवळा द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी वन्संनी मला शेजारी बसवून गल्लीत फेरी मारली. गतिरोधक आला, मी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही.

गाडी अजून विकलेली नाही. जावई विचारतात, तेव्हा वन्सं म्हणतात, "थांबा हो, शॉकअपचं तेल बघायचं राहिलंय."