गठाणीवरचा 'म' : ठोकळा अक्षर कसे काढावे?

नागपूरच्या गांधीबाग, इतवारी व मोमिनपुरा भागातून बाहेरगावी जाणाऱ्या कापडाच्या गठाणीवर आम्ही व्यापारी मार्का आणि गावाचे अक्षर घालतो. बिल्टीवर पूर्ण पत्ता असतो हे खरे. परंतु ट्रान्सपोर्टच्या गोदामात अंधुक उजेडात गठाण उचलणारा हमाल बिल्टी वाचत बसत नाही, तो अक्षर पाहतो. मालेगावसाठी 'म' आणि भिवंडीसाठी 'भ' घालणाऱ्या बंधूंनी म्हणूनच सावध असावे. 'म'चा 'भ' वाचला गेला की मालेगावचा माल भिवंडीला उतरतो, भाडे दोनदा भरावे लागते आणि रमजानचा हंगाम असेल तर माल पोहोचेपर्यंत ईद उलटून जाते.

यात दोष बहुधा हमालाचा नसतो, पत्र्याचा असतो. 'म'च्या पोटातील पांढरी जागा चारही बाजूंनी बंद असते. पत्र्यात अक्षर कापले की मधला तुकडा गळून पडतो. तो अडकून राहावा म्हणून कारागीर एखाद-दोन ठिकाणी बारीक पट्टी न कापता ठेवतो. ही पट्टी त्याने शिरोरेषेत ठेवली की छापताना शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटलेला 'म' म्हणजे दुरून 'भ'च! 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ' या जोड्यांतही हीच अडचण आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. उर्दूत नुक्त्यांच्या फरकाने 'बे'चा 'पे' होतो, त्यामुळे अशा बारीक फरकाची सवय आम्हाला लहानपणापासून आहे.

आता अक्षर काढू. खत्तात लोक अक्षराचे माप फूटपट्टीने घेत नाहीत, कलमाच्या नुक्त्याने घेतात. बगदादच्या इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. 940) यांनी अक्षरांची प्रमाणे याच मापाने बांधली. आपण नुक्त्याऐवजी चौकडी घ्यावी. कागदावर आडव्या सहा आणि उभ्या सात चौकड्या आखाव्यात. गठाणीसाठी एक चौकडी एक इंचाची पुरे. प्रत्येक रेघ एक चौकडी जाड.

सर्वांत वरची ओळ पूर्ण भरली की शिरोरेषा झाली. उजवीकडचा शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत भरावा, हा दंड. डावीकडून दुसऱ्या रकान्यात शिरोरेषेपासून पाचव्या ओळीपर्यंत उभी रेघ आणावी आणि त्याच पाचव्या ओळीतून दंडापर्यंत आडवी रेघ न्यावी. राहिली डावीकडची गाठ. तिथे गोल वळण काढण्याच्या भानगडीत पडू नये. पहिल्या दोन रकान्यांत, पाचव्या व सहाव्या ओळीत भरीव ठोकळा काढावा. शाई पसरली तरी तो बिघडत नाही. मध्ये तीन बाय तीन चौकड्यांचा मोकळा चौरस उरला पाहिजे. ही जागा लहान झाली तर गोणपाटावर शाई फुटून अक्षराचा नुसता डाग होतो. काळ्या भागापेक्षा या पांढऱ्या भागाकडेच कारागिराने जास्त लक्ष द्यावे.

पट्ट्या दोनच ठेवाव्यात : एक डाव्या उभ्या रेघेत, दुसरी दंडात, दोन्ही तिसऱ्या ओळीत समोरासमोर. रुंदी पाव इंच. शिरोरेषेला कात्री लागता कामा नये.

हल्ली संगणकावर अक्षर निवडून यंत्राने कापून देणारी दुकाने निघाली आहेत. काम सफाईदार असते, पण पट्टी कुठे ठेवायची हे गिऱ्हाइकानेच सांगावे लागते.

हाच आराखडा दुकानाच्या पाटीलाही चालतो. तिथे पट्टीची गरज नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे. सोबत उर्दू किंवा इंग्रजी नाव लिहिता येते, मात्र मराठी अक्षर त्याहून लहान असून चालत नाही. अशा वेळी चौकडी मोजून काढलेले अक्षर कामी येते.

छापताना शाई घट्ट ठेवावी. कुची ओढू नये, उभी धरून ठोकावी. पहिला ठसा रद्दी तरटावर घ्यावा, तो भिंतीला टेकवून वीस पावलांवरून अशा माणसाला वाचायला सांगावे, ज्याला माल कुठे जायचा आहे हे ठाऊक नाही.