टोकाकडून पडणारं विमान

वॉल्टर एक्स्ट्रा हे जर्मनीतले कसरती वैमानिक आणि अभियंते. त्यांच्या कारखान्यातल्या 'एक्स्ट्रा ३३०एससी' या एकआसनी विमानाचा पंखविस्तार ७.५ मीटर आहे. बाल्सा, प्लायवूड आणि कार्बन फायबर वापरून याची ३५ टक्के प्रतिकृती केली, की २.६ मीटर पंखांचं, साधारण १२ किलो वजनाचं, १०० सीसीच्या पेट्रोल इंजिनावर उडणारं विमान हाती येतं. नाकावर २७ इंची प्रोपेलर. ४० टक्क्यांची प्रतिकृती केली तर पंख तीन मीटरपर्यंत जातात आणि इंजिन १५० किंवा १७० सीसीचं लागतं. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल मिनिएचर एरोबॅटिक क्लब'च्या स्पर्धांत अशीच विमानं दिसतात. रिमोट हातात धरून जमिनीवर उभा असलेला माणूस त्यांच्याकडून खऱ्या विमानाच्या सगळ्या कसरती करून घेतो आणि खऱ्या विमानाला न झेपणाऱ्याही काही.

इतकं सगळं करणारं हे विमान बऱ्याचदा मोडतं ते उतरताना. इंजिन मंद केलेलं, धावपट्टीकडे शेवटचं वळण चालू, आणि एक पंख एकाएकी खाली जातो. उंची असते पंधरा-वीस मीटर. विमान अर्धवट उलटं होऊन नाकावर येतं. लाखांच्या घरातला खर्च आणि कित्येक संध्याकाळचं काम दोन सेकंदांत संपतं. मग मैदानावर एकच निदान ऐकू येतं, 'वेग कमी पडला.' ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे आणि त्यातून मिळणारा 'वेगात उतरव' हा सल्ला तर सगळ्यात कमी उपयोगाचा.

कारण पंख वेगामुळे स्टॉल होत नाही, कोनामुळे होतो. समोरून येणारी हवा आणि पंखाची जीवा यांतला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवण्यासाठी कोन वाढवावा लागतो, म्हणून स्टॉल मंदगतीत भेटतो इतकंच. भरधाव विमानाचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पृष्ठभाग, एकदम खेचला तर ते त्या वेगातही स्टॉल होतं. ग्लायडर उडवणारे ऑटो लिलिएन्थाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी पडले तेही असेच. वाऱ्याने ग्लायडरचं नाक वर उचललं, पंखांनी हवा सोडली, सुमारे १५ मीटरवरून ते खाली आले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारले. त्या मृत्यूचा धसका घेऊन राइट बंधूंनी आपल्या विमानाचा एलिव्हेटर पुढे बसवला होता.

आता कसरतीच्या विमानाची खास अडचण. दोन्ही पंख मुळापासून टोकापर्यंत एकदम स्टॉल झाले तर विमान नाक खाली घालून सरळ बसतं आणि लगेच सावरतं. घात होतो तो एका पंखाचं टोक आधी सुटलं तर, आणि या विमानाच्या रचनेतल्या बऱ्याच गोष्टी नेमक्या त्याच दिशेने ढकलतात. पंख टोकाकडे निमुळता असतो. त्यामुळे टोकाजवळच्या भागाला त्याच्या रुंदीच्या मानाने जास्त काम पडतं. शिवाय लहान आणि मंद पंखाभोवतीची हवा चिकटपणाच्या अंगाने वागते. ओसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या आकड्याने हे मोजता येतं. आपल्या ३५ टक्केवाल्या विमानाच्या मुळाशी हा आकडा उतरण्याच्या वेगात साडेचार लाखांच्या आसपास असतो, टोकाशी दोन लाखांच्या थोडा वर. आकडा जितका लहान, तितकी हवा लवकर सुटते. थोडक्यात, सर्वांत जास्त काम सर्वांत दुबळ्या भागाकडे.

साध्या शिकाऊ विमानात यावर जुना, चांगला तोडगा आहे. पंखाला किंचित पीळ द्यायचा, टोकाचा कोन मुळापेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवायचा, म्हणजे मूळ आधी स्टॉल होतं आणि टोकावरचे एलरॉन, म्हणजे विमान कलवणारे पृष्ठभाग, शेवटपर्यंत हाताला लागतात. कसरतीच्या विमानाला हा पीळ चालत नाही, कारण ते अर्धा वेळ उलटं उडतं. सुलट्याला वाचवणारा पीळ उलट्याला मारक ठरतो. म्हणून एक्स्ट्राचा पंख सममित छेदाचा आणि बिनपिळाचा. वर स्नॅप रोल ही कसरतच मुळी एका पंखाला मुद्दाम स्टॉल करून साधायची असते. जो पंख झटकन सुटतो आणि झटकन पुन्हा धरतो तो स्पर्धेत गुण मिळवून देतो. उतरताना ज्याला आपण दोष म्हणतो, तोच हा गुण. त्यामुळे दुरुस्ती करताना त्याला मारून टाकायचं नाही, जमिनीजवळ तेवढं आवरायचं. माझ्या मते या विमानांच्या दुरुस्तीतलं सगळं शहाणपण एवढ्या एका मर्यादेत आहे.

थोडं गणित करू. १२ किलो वजन आणि १.१५ चौरस मीटर पंख धरले तर समुद्रसपाटीला सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या जवळपास येतो. ६० अंश कलून वळताना पंखांना दुप्पट वजन पेलावं लागतं आणि स्टॉलचा वेग १.४१ पट होतो, म्हणजे ताशी ६४. समजा वारा ताशी २० किलोमीटरचा आहे आणि विमान वाऱ्याच्या दिशेने चाललं आहे. हवेतला त्याचा वेग ५० असला तरी जमिनीवरून बघणाऱ्याला तो ७० दिसतो. खऱ्या वैमानिकापुढे निदान वेगदर्शक असतो. इथे माणूस बाहेर उभा, डोळ्याला जे दिसेल त्यावर विसंबलेला. त्याला वाटतं, वेग फार आहे. तो थ्रॉटल मागे घेतो, वळण आवळतो आणि एलिव्हेटर खेचतो. ज्या वळणाला ६४ हवे होते ते तो ५० मध्ये घेत असतो. दख्खनच्या पठारावर उडवणाऱ्यांनी यात आणखी एक भर धरावी. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर, मे महिन्याच्या ३८ अंशांत हवा इतकी विरळ होते की स्टॉलचा खरा वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. जानेवारीच्या सकाळी शहाण्यासारखं उतरलेलं विमान उन्हाळ्यातल्या दुपारी दगा देतं, ते विमानात काही बिघडलेलं नसतानाही.

म्हणून हत्यारं काढण्याआधी चाचणी. शंभर मीटरवर जा, तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल पूर्ण मागे. पंख आडवे ठेवून एलिव्हेटर हळूहळू खेचत राहा आणि काय होतं ते बघा. असं अनेकदा करा आणि कोणीतरी शेजारी उभं राहून लिहून घेऊ दे. विमान नुसतं नाक हलवत खाली बसत असेल तर विमानात दोष नाही, दोष शेवटच्या वळणात आहे. कधी डावा पंख पडतो, कधी उजवा, असं असेल तर बहुधा शेपटीवरच्या रडरने विमान सरळ धरलं जात नाही. दर वेळी एकच पंख पडत असेल तर मात्र बांधणीत असमानता आहे. मग तीच चाचणी उलट्या उड्डाणात घ्या. उलटं असतानाही तोच पंख पडला तर त्या बाजूला वजन जास्त असण्याची शक्यता मोठी. बाजू बदलली तर दोन पंखांच्या बसवणीच्या कोनात फरक शोधा. इन्सिडन्स मीटरवर अर्ध्या अंशाचा फरक दिसला तरी तो पुरेसा आहे. या चाचणीला पैसा लागत नाही आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बांधणीतल्या चुका निस्तरणं सोपं आहे. हलक्या टोकात शिशाचा तुकडा, पंखाचा बसवणीचा कोन धरणाऱ्या अँटीरोटेशन पिनची जागा किंचित सरकवणं, दोन्ही एलरॉन पंखाशी बरोबर समपातळीत आणणं. हिंजच्या फटी आतून पारदर्शक फिल्मने बंद कराव्यात. फटीतून खालची हवा वर गळते, एलरॉन मंदगतीत लुळे पडतात आणि दोन बाजूंची गळती सारखी नसेल तर पंख पडण्याची बाजूही तीच ठरवते.

त्यानंतर सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. थ्रीडी, म्हणजे स्टॉलच्या कोनापलीकडे करायच्या, कसरतींसाठी लोक बॅटऱ्या मागे सरकवत नेतात, कारण शेपूट जड असली की विमान चपळ होतं. पण तसं विमान एलिव्हेटरच्या एवढ्याशा हालचालीने स्टॉलच्या कोनापलीकडे उडी मारतं. तपासायची रीत अशी: ४५ अंशांत चढत असताना विमान उलटं करा आणि स्टिक सोडा. थोडा वेळ रेषा धरून नाक सावकाश जमिनीकडे झुकायला लागलं तर ठीक. जर ते चढतच राहिलं, तर शेपूट जड आहे. बॅटरी काही सेंटिमीटर पुढे घेतल्याने वाचलेली विमानं पुष्कळ आहेत.

एलिव्हेटर किती अंश हलतो हेही इथेच बघायचं. थ्रीडीत तो ४५ अंशांपर्यंत नेतात, तर नेहमीच्या उड्डाणाला १२ ते १५ पुरतात. मोठ्या रेटवर, म्हणजे एलिव्हेटरच्या मोठ्या हालचालीवर, उतरायला जाणं हे माझ्या समजुतीप्रमाणे या विमानांच्या मंदगतीतल्या अपघातांचं पहिलं कारण आहे. त्या घाबरलेल्या क्षणी बोट जेवढं खेचतं तेवढ्यात स्नॅप रोल होऊन जातो. ट्रान्समीटरवर उतरण्याचा वेगळा फ्लाइट मोड ठेवावा आणि त्यात एलिव्हेटर लहान रेटवरच असावा.

त्याच फ्लाइट मोडमध्ये सगळ्यांत सुंदर उपाय बसवता येतो. दोन्ही एलरॉन एकदम काही अंश वर उचलायचे. एलरॉन टोकाकडच्या भागात प्रभावी असतात, त्यामुळे टोकाचा प्रत्यक्ष कोन कमी होतो. म्हणजे जो पीळ कसरतीच्या पंखाला कायमचा देता येत नाही, तो एका स्विचवर उतरण्यापुरता मिळतो आणि कसरत सुरू झाली की निघून जातो. हॅरियर प्रकारच्या उड्डाणात, नाक खूप वर ठेवून सरपटत जाताना, पंख डावी-उजवीकडे डोलतात तेही याने शांत होतं. सुरुवात आठ-दहा मिलिमीटरपासून करावी आणि उंचीवर पुन्हा तीच स्टॉलची चाचणी घ्यावी. याची किंमत आहे: एकूण उचल थोडी घटते, म्हणून वेग किंचित जास्त राखावा लागतो, आणि नाकाचा झुकाव बदलला तर थोडं एलिव्हेटर मिक्सिंग द्यावं लागतं. मात्र फ्लॅप म्हणून दोन्ही एलरॉन खाली करण्याच्या मोहात पडू नये. ज्या टोकाला वाचवायचं त्याचाच कोन त्याने वाढतो.

पंख पडायला लागला की बोट एलरॉनकडे धावतं, तेही याच कारणाने घातक. पडणाऱ्या पंखाचा एलरॉन खाली जातो, टोकाचा कोन वाढतो, स्टॉल आणखी खोल जातो. आधी एलिव्हेटर सैल सोडायचा, उलट बाजूचा रडर द्यायचा, मग थ्रॉटल, आणि तोही चढत्या हाताने. २७ इंची प्रोपेलरला मंदगतीत एकदम पूर्ण ताकद दिली तर तिचा पीळ विमानाला डावीकडे फिरवतो. वाचवायला दिलेल्या थ्रॉटलनेच विमान उलटल्याचं अनेकांनी पाहिलं आहे. हल्ली विमान आपोआप स्थिर ठेवणारा गायरो सर्रास बसवतात. वाऱ्यात तो उत्तम सोबती आहे. पण तोही पडणारा पंख एलरॉनने उचलायला बघतो, स्टॉल ओळखत नाही. त्याच्या भरवशावर आणखी हळू उतरू नये.

राहता राहिला पंखाचा आकार. घासकामात पुढची कड, विशेषतः टोकाजवळ, फार धारदार झाली असेल तर तिथे हवा अचानक सुटते. ती गोलसर करणं हा कायमचा आणि चांगला उपाय. दुसरा म्हणजे स्टॉल स्ट्रिप. सहा मिलिमीटरची त्रिकोणी बाल्सापट्टी, हातभरापेक्षा कमी लांबीची, दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढच्या कडेवर टेपने चिकटवायची, म्हणजे मूळ आधी स्टॉल होऊन शेपटीवर थरथर येते आणि इशारा मिळतो. नासाच्या लँगली केंद्रात १९७० नंतरच्या दशकात स्टॉल आणि स्पिनवर झालेल्या कामात तर रेडिओ कंट्रोलच्या प्रतिकृतीही वापरल्या होत्या. पंखाच्या बाहेरच्या भागाची पुढची कड खाली झुकवून मध्ये खाच ठेवली तर विमान स्पिनमध्ये सहज जात नाही, हे तिथे दिसलं आणि तीच कल्पना पुढे सिरस एसआर२० सारख्या प्रवासी छोट्या विमानात आली. ती एक्स्ट्राच्या प्रतिकृतीवर लावू नये. सममित पंखाचं सममितपणच त्यात जातं आणि उलटं उड्डाण बिघडतं.

प्रत्येक बदलानंतर स्टॉलबरोबर स्नॅपचीही चाचणी हवी. स्टिक सोडताच स्नॅप पूर्वीसारखा तोडल्यागत थांबतो का, उलट्यातून तसाच निघतो का, हे सुरक्षित उंचीवर बघावं. थांबायला उशीर होत असेल तर स्टॉल स्ट्रिप आधी निम्मी कापावी, तरी फरक पडला नाही तर काढून टाकावी आणि उतरताना उचललेल्या एलरॉनवर भागवावं.