उजवी सीट

पहाटे 4.45
धुळ्यात देवपूर भागातली भाड्याची खोली. एक पलंग, एक कूलर, खिडकीच्या गजाला हँगरवर पांढरा शर्ट. शर्ट रोज रात्री धुवायचा, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवलेल्या. सर उठलेत. सगळे त्यांना सरच म्हणतात, मीही म्हणतो. वय 44. हवेतले तास साडेचार हजारांच्या पुढे, त्यातले बहुतेक शिकवण्याचे. घर नाशिकला. खोलीचं भाडं 6,500.

बॅगेत हेडसेट, लॉगबुक, आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अकरा पानं. सौदी अरेबियातल्या एका फ्लाइंग स्कूलचं करारपत्र. दोन वर्षं, महिना 24,000 रियाल. उत्तर आज रात्रीपर्यंत कळवायचं आहे.

5.30
गोंदूरची धावपट्टी. भिंतीवर दोन घड्याळं, एक आपलं आणि एक यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. दुसऱ्यात आता बरोबर 00.00 वाजलेत. लॉगबुकातली तारीख या क्षणी बदलते. सर नळीत फुंकर मारतात, दारूची तपासणी. शून्य. मागे विद्यार्थ्यांची रांग.

उजाडायला लागलंय. एक मुलगा सेसना 152 च्या पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक कपात पेट्रोल काढतो आणि आकाशाकडे धरून बघतो. रंग निळा हवा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. मग पंखावरचं झाकण उघडून टाकीत पट्टी बुडवायची. काट्यावर विसंबायचं नाही, हे सर पहिल्या दिवशीच सांगतात. तासाला साधारण 23 लिटर जळतं.

6.10
पहिलं उड्डाण, लातूरचा मुलगा. मी खाली थांबतो. पन्नास मिनिटांनी दोघं उतरतात तेव्हा मुलाची पाठ घामाने भिजलेली आहे. चार हजार फुटांवर स्टॉलचा सराव होता. इंजिन मंद करायचं, नाक वर धरायचं, वेग चाळीस नॉटच्या आसपास आला की पंखातली शिट्टी रडायला लागते आणि विमान खाली बसतं. मुलगा दांडा घट्ट आवळतो. सर त्याच्या तळहाताकडे बोट दाखवतात. वळ उठलेत. "उद्या दोन बोटांनी धरायचं. बाकीची तीन मला दिसली पाहिजेत."

8.00
चाळीसगावची मुलगी, वय वीस. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, फीसाठी घरावर कर्ज काढलंय. तिचे एकवीस तास झालेत. सरांबरोबर तीन फेऱ्या होतात, तिन्ही वेळा चाकं नीट टेकतात. चौथ्यांदा विमान धावपट्टीच्या कडेला थांबतं आणि उजवं दार उघडतं. इंजिन सुरूच आहे. सर उतरतात, रिकाम्या सीटचा पट्टा ओढून घट्ट लावतात. सैल राहिला तर दांड्यात अडकू शकतो. मग आत वाकून तिला काहीतरी सांगतात आणि पंख्यापासून लांब, शेपटीकडून बाहेर येतात.

काय सांगितलं, विचारतो.

"विमान आता हलकं झालंय. लवकर वर जाईल, उतरताना तरंगेल. तरंगलं तर ओढाओढी करू नको, थांब."

ती जाते. एक फेरी, सहा मिनिटं. सरांच्या हातात वॉकीटॉकी आहे, ते एक शब्द बोलत नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र गवतात हलत असतो, रडर दाबल्यासारखा. विमान तरंगतं. ती थांबते. चाकं टेकतात. पहिला सोलो, म्हणजे एकटीचं उड्डाण झालं की भिजवायचं, म्हणून पोरांनी बादल्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

सरांना पगारावर भत्ता मिळतो तो स्वतः हवेत असलेल्या तासांचा. या सहा मिनिटांत ते जमिनीवर होते. वीस तास ज्यासाठी शिकवलं, ते नेमकं या सहा मिनिटांत दिसतं, आणि माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड कामही हेच: उतरून बाजूला उभं राहणं.

10.45
एकोणचाळीस अंश. धुळं समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे फूट, पण एप्रिलच्या या उन्हात हवा चार हजार फुटांवरच्याइतकी विरळ होते. 110 अश्वशक्तीचं इंजिन दोन माणसांना घेऊन कण्हत चढतं. चारपर्यंत उड्डाणं बंद.

हँगरमध्ये दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतरचं काम चाललंय. काळं तेल पत्र्याच्या डब्यात पडतंय. मेकॅनिक साक्रीचे, सरांहून मोठे. सर त्यांना भाऊ म्हणतात. करारपत्राची बातमी त्यांनाही आहे.

"वहिनींना नेणार?"

"दोघींना. बायको आणि मुलगी."

"मग डोईपट्टी धरा. माझा मेव्हणा जुबेलला वेल्डर. बायको-पोरांना घेऊन गेला होता, वर्षात परत पाठवलं."

फॅमिली व्हिसावर माणशी भरायची ही फी 2017 साली सुरू झाली, 2020 पासून महिना 400 रियाल. अकरा पानांत तिचा उल्लेख नाही.

1.00
डबा 80 रुपयांचा. कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. कालच्या वजन-तक्त्याच्या पाठीवर सर आकडे मांडतात. रियालला 23 रुपये धरले तर महिना 5,52,000. तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 ला बांधलेला आहे, म्हणजे रुपया घसरला तर आकडा वाढतोच. इथे पगार 1,60,000, वर तासाला 650. गेल्या महिन्यात 68 तास झाले, एकूण 2,04,200, त्यातून कर. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता 38,400.

मग उलटी बाजू. दोघींचे महिना 800 म्हणजे दोन वर्षांत 19,200 रियाल. तिथल्या कायद्याने नोकरी संपताना दर वर्षामागे अर्धा पगार मिळतो, दोन वर्षांचा एक. तो बहुतेक या फीतच जाणार. आणि सातवं पान: तिथलं लायसन्स हातात येईपर्यंत निम्मा पगार. परीक्षा, मेडिकल, तपासणीचं उड्डाण. किती महिने, ते लिहिलेलं नाही. सर त्या ओळीखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढतात.

भाकरी गार झाली.

3.00
ई-जीसीए पोर्टलवर विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून प्रमाणित करायच्या. नेट मधेच जातं. फळ्यावर सरांच्या नऊ विद्यार्थ्यांचे तास: 162, 118, 97, खाली उतरत 14 पर्यंत. व्यावसायिक लायसन्सला दोनशे लागतात. चाळीसगावच्या मुलीपुढे आज एक लाल टिंब आलंय. पहिल्या सोलोची परवानगी सहाय्यकाच्या सहीने चालत नाही, पूर्ण प्रशिक्षक लागतो. इथे असे दोन आहेत. एक सर.

5.15
162 वाला वर आहे, सर शेजारी. वारा आडवा. पंख कलता ठेवून विमान एका चाकावर टेकतं, मग दुसऱ्या. उतरल्यावर सर त्याला फक्त मान हलवून दाखवतात.

7.00
विमानाचे तिन्ही दोर बांधले. आज हवेत 3 तास 50 मिनिटं.

8.20
देवपूरला शर्ट बादलीत भिजलाय. फोन स्पीकरवर. मुलगी आता दहावीत जाणार. ती विचारते, तिथे मराठी विषय असेल का. आई 74 वर्षांच्या, गुडघे गेलेत. त्या फोनवर येत नाहीत, "जेवला का विचार" एवढंच मागून ऐकू येतं.

बायको म्हणते, "आता तरी कुठे घरी असता? दहा दिवसांनी एसटीने येता, दुसऱ्या सकाळी परत. तिथे निदान रोज संध्याकाळी दिसाल."

"आणि आई?"

यावर तीही गप्प होते.

9.50
सौदीत सव्वासात वाजून पाच मिनिटं झालीत. तिथलं घड्याळ अडीच तास मागे. सर लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहितात. दोन बोटं सावकाश चालतात. दोघींची फी कोण भरणार? निम्मा पगार जास्तीत जास्त किती महिने? आईला व्हिझिट व्हिसावर आणता येईल का, किती दिवस?

मजकूर वाचून होतो. सर थांबतात, मग खाली चौथी ओळ घालतात: रुजू होण्याची तारीख 1 जूनऐवजी 1 ऑगस्ट चालेल का?

पाठवतात. शर्ट पिळून गजाला लावतात. गजर 4.45 चा.