पलटण हलते तेव्हा घर

सातारा जिल्ह्यातील एका गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे : अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावांविषयी आपण लिहितो ते रणांगणाच्या आणि पदकांच्या अंगाने. जवान निघण्यापूर्वी त्याच्या घरात जी धांदल उडते, तिची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक पुढची दोन-तीन वर्षे घर कसे चालणार, हे त्या थोड्या दिवसांतच ठरत असते.

फौजी नोकरीचे दोन भाग पडतात. जवानांच्या बोलीत ‘पीस’ आणि ‘फील्ड’. पीसमध्ये, म्हणजे पुणे, बेळगाव, जबलपूर अशा छावणीच्या गावी, क्वार्टर मिळाले तर बायकामुलांना सोबत ठेवता येते. क्वार्टर थोडे आणि मागणारे पुष्कळ, त्यामुळे पाळी येईपर्यंत थांबावे लागते. फील्डला, म्हणजे नियंत्रण रेषेवर, सियाचीनला किंवा अरुणाचलच्या सीमेवर, कुटुंब नेता येत नाही. पलटण हलण्याचा हुकूम आला की क्वार्टर रिकामे करण्याची वेळ येते आणि पहिला प्रश्न उभा राहतो : मागे राहायचे कुठे?

वाटा तीन. पहिली गावची. तिथे खर्च कमी, माणसांचा आधार. पण छावणीत बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळे एकटीने सांभाळलेली बाई पुन्हा सासूच्या हाताखाली येते आणि दोघींनाही ते जड जाते. दुसरी वाट, फील्डवरील जवानांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत राखून ठेवलेल्या क्वार्टरांची. तिथे शेजारीण त्याच परिस्थितीतली असते, लष्करी इस्पितळ जवळ असते. परंतु जागा मिळेलच असे नाही. तिसरी, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी भाड्याने खोली घेण्याची. मुलांच्या शाळेसाठी अलीकडे अनेक कुटुंबे हीच पत्करतात.

शाळेचा प्रश्न सरकारलाही फार पूर्वी जाणवला होता. सतत बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, तीच मुळी २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. देशभर एकच अभ्यासक्रम असल्याने मूल जोधपूरहून तेजपूरला गेले तरी पुस्तक तेच राहते. पण ही सोय विद्यालयातून विद्यालयात जाणाऱ्यांची. हिंदी-इंग्रजीत शिकलेले मूल आईबरोबर गावी आले आणि मराठी शाळेत बसले, की गणित येत असूनही उदाहरणाची भाषा अडते. अशा वेळी मूल ‘कच्चे’ ठरवण्याची घाई होते. कच्ची असते ती भाषेची सवय, बुद्धी नव्हे.

दुसरे काम कागदांचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित. लग्न झाले, मूल झाले, याची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये निघावी लागते, तिच्यावरून अभिलेख कार्यालयात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बाबतीत बेळगावला, कुटुंबाची माहिती चढते. नोंद नाही तर पत्नी फौजेच्या लेखी पत्नी नाही. आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अनेक घरांत होती. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, फौजेच्या कागदावर तिसरेच स्पेलिंग. नवरा हयात असताना हे एका अर्जाचे काम असते. तो नसताना त्याच कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

विमा आणि भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन हा याहून नाजूक विषय. भरतीच्या वेळी ते आईच्या नावे केलेले असते आणि लग्नानंतर बदलायचे राहून जाते. पुढे काही विपरीत घडले, तर दुःखात एकमेकींना धरून राहायच्या त्या सासू-सुना कागदावरून समोरासमोर उभ्या राहतात. कायद्याने सैनिकाला सवलत दिली आहे : १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार प्रत्यक्ष युद्धात गुंतलेला सैनिक दोन साक्षीदारांसमोर तोंडी मृत्युपत्रही करू शकतो. पण ती आणीबाणीची सोय. शांतपणे, घरी बसून, आई-वडिलांचा आणि पत्नीचा वाटा दोघांसमक्ष सांगून ठेवणे यासारखे दुसरे काही नाही.

तेच होत नाही, कारण निघताना अभद्र बोलू नये अशी आपली समजूत. औक्षण होते, हातावर दही पडते, नंबर-हुद्दा-नाव रंगवलेली काळी पेटी गाडीत चढते, आणि बोलायचे ते राहून जाते. मग पत्ता उरतो तो ‘द्वारा ५६ एपीओ’ एवढाच. माणूस नेमका कुठे आहे, हे तो सांगत नाही.

म्हणून जाणत्या सुभेदारीणबाई नव्या मुलींना एक साधी रीत सांगतात : पेटी भरायला घेतली की शेजारी एक फाईल उघडायची. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, जोडखात्याचे पासबुक, विम्याचे कागद, पलटणीच्या कचेरीचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन नंबर. पेटी तो नेतो, फाईल घरात राहते. ती पूर्ण भरलेली असली, तर निघणाऱ्याच्या मनावरचे ओझेही थोडे कमी होते.