गोठ्यातून इंग्रजीकडे



महाराष्ट्रातील शाळांत सन २००० पासून इंग्रजी पहिलीलाच सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. आज खेड्यातले पोरही काऊ, डॉग, कॅट घडाघडा म्हणते. परंतु "तुला कोणता प्राणी आवडतो, इंग्रजीत सांग बरं" म्हटले की गप्प बसते. शब्द पाठ आहेत, बोलणे नाही. याचे कारण पोराची बुद्धी नव्हे, दोन भाषांची चाल वेगळी आहे.

आपण म्हणतो, मला बैल आवडतो, मला गाय आवडते, मला वासरू आवडतं. म्हणजे मराठीत क्रियापद जनावराच्या मागे चालते. इंग्रजीत ते आवडणाऱ्या माणसाच्या मागे चालते. आय लाइक काऊज, आय लाइक डॉग्ज. जनावर बदलले तरी 'लाइक' तेच. माणूस बदलला की मात्र फरक पडतो: शी लाइक्स काऊज. मराठीच्या चालीने शब्द मांडणारे पोर "डॉग लाइक्स मी" म्हणून जाते. त्याचा अर्थ कुत्र्याला मी आवडतो! हसू नये, रागावू नये. "आवडणारा कोण, तो आधी सांग" एवढे म्हटले की वाक्य रुळावर येते.

दुसरी अडचण अनेकवचनाची. सगळ्या जातीविषयी बोलताना इंग्रजीत गोट्स, डॉग्ज असे म्हणावे लागते. 'आय लाइक चिकन' म्हटले तर कोंबडीचे मटण आवडते असा अर्थ होतो; अंगणातल्या कोंबड्या आवडत असतील तर 'चिकन्स' म्हणावे. माळकरी घरातल्या पोराला हा फरक जरूर सांगावा! मेंढीला मात्र एक असो वा शंभर, 'शीप'च म्हणतात. यात नवल नाही. आपणही एक बैल, दहा बैल असेच म्हणतो की.

शिकविताना सुरुवात जिराफ-पेंग्विनपासून कशाला? पोराने जे हाताने चारले, पाजले, त्यापासून करावी. गाय काऊ, म्हैस बफेलो, शेळी गोट, वासरू काफ, कालवड हेफर. औताचा बैल बुलॉक. 'बुल' म्हणजे वळू. हा फरक शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतो. पाच-सहा नावे झाली की प्रश्न करावा: डू यू लाइक गोट्स? उत्तर, येस, आय डू किंवा नो, आय डोन्ट. नाही म्हणण्याची मुभा हवीच. सगळ्यांनी एकसुरात 'येस' म्हटले तर ते बोलणे नव्हे, पाढे झाले. मग प्रत्येकाने वर्गातल्या दहा जणांना विचारून फळ्यावर रेघा ओढाव्यात आणि कोणते जनावर जिंकले ते सांगावे. पुढची पायरी 'का?' ही. बिकॉज दे गिव्ह मिल्क.

"आम्हाला कुठं इंग्रजी येतंय?" असे पालक म्हणतात. यायला कशाला पाहिजे? धार काढताना मराठीतच विचारा, "ही का आवडते रे तुला?" कारण पोराच्या मनात तयार झाले की इंग्रजीत सांगायला त्याच्याजवळ काहीतरी असते. मग त्यालाच म्हणा, आता मला शिकव. शिकविणाऱ्याचे पक्के होते.

शेवटी एक विनंती. गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांबरोबर ऊसतोड मजुरांची मुलेही येतात. त्यांची शाळा मध्येच तुटते, आणि नव्या वर्गात ती मागच्या बाकावर मुकाट बसतात. पण बैलांविषयी त्या वर्गात त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असते? शाळा समितीवर असलेल्या सभासदांनी गुरुजींना सुचवावे, की जनावरांचा हा धडा हंगामात घ्यावा आणि पहिला प्रश्न या मुलांना विचारावा. ज्याला घरच्या बैलजोडीविषयी "आय लाइक अवर बुलॉक्स" असे चारचौघांत म्हणता आले, ते पोर उद्या शाळेत यायला कचरणार नाही. ऊस तोडणाऱ्याच्या पोराची शाळा सुटू नये, ही जबाबदारी ऊस पिकविणाऱ्यांचीही आहे.