सात हिस्से आणि १४२८५७

बकरी ईदच्या आधीची संध्याकाळ. दौंडच्या घरी मोठ्या जनावराच्या सात हिस्सेदारांचा हिशेब चालला होता. जनावराचे ३०,००० आणि वरचा खर्च २,०००. सातवीतली भाची मोबाइलवर भागाकार करत होती. ३०,००० भागिले ७ म्हणजे ४२८५.७१४२८५. मी म्हणालो, "पॉइंटच्या पुढचं सोड, ४,२८६ लिही." मग २,००० भागिले ७ म्हणजे २८५.७१४२८५. ती थांबली. "मामू, पॉइंटपुढे परत तेच आकडे आले!"

"आले असतील," म्हणून मी विषय संपवला. शिरूरला रोज मुलांना शिकवणाऱ्या माणसाचं हे उत्तर! मनाला लागलं. ईशानंतर वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसलो.

१ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७१४२८५७ असं न संपणारं उत्तर येतं. त्यातली १४२८५७ ही संख्या घ्या आणि गुणत जा:

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

तेच सहा अंक, त्याच क्रमाने गोल फिरतात; फक्त सुरुवात बदलते. आणि सातने गुणलं तर ९९९९९९! मधोमध तोडून बेरीज केली, १४२ + ८५७, तर ९९९. दोन-दोन अंक घेतले, १४ + २८ + ५७, तर ९९.

असं का होतं? सातने भागताना बाकी १ ते ६ यांतलीच उरते. एकपासून भागत गेलं की बाक्या १, ३, २, ६, ४, ५ अशा येतात आणि पुन्हा १. बाकी परत आली की पुढचे अंकही परत येणारच. ३०,००० आणि २,००० या दोन्हींत बाकी ५ उरते, म्हणून दोन्हीकडे पॉइंटपुढे ७१४२८५ आलं. भाचीचा प्रश्न अगदी बरोबर होता.

या संख्येचा वर्ग आहे २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करा. १४२८५७ परत हजर! लहान उदाहरण ४५ चं: वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९०५ साली डहाणूला जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांशी खेळणं म्हणून त्यांच्या कामाकडे अनेकांनी दुर्लक्ष केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा नाव दूरवर पोचलं. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

"पुढचं सोड" हे आपण घरात आणि वर्गात किती सहज म्हणतो! मुलाला त्या पुढच्यातच काही दिसलेलं असतं. भाची आता १३ ने भागत बसली आहे. तिथे एकाऐवजी दोन साखळ्या निघतात. तुमच्या मुलांना शोधू द्या. उत्तर आधी सांगू नका.