ओठ दिसायला हवेत

आमच्या घरातला मोठा कॅमेरा कपाटाच्या वरच्या खणात, रेशमी साड्यांच्या शेजारी राहत असे. २०१८ च्या उन्हाळ्यात, मुलगी बारावी झाली तेव्हा, कोकणच्या सहलीसाठी म्हणून तो घेतला. सहलीत चारशे फोटो काढले, त्यातले साडेतीनशे समुद्राचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात बरा फोन आला आणि कॅमेरा खणात गेला. दिवाळीत तो बाहेर काढायचा, पुसायचा, बॅटरी उतरली आहे असे जाहीर करायचे आणि परत ठेवायचा, एवढाच त्याच्याशी संबंध उरला होता. अशी एखादी वस्तू बहुतेक घरांत असते. आमच्याकडे तिचा हिशेब सौ. एका वाक्यात मांडते : ‘तेवढ्यात नवा फ्रिज आला असता.’

२०२० साली तो कॅमेरा कपाटातून निघाला, तो आईसाठी.

आई साताऱ्यात एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने बत्तीस वर्षे शिकवले. पन्नाशीनंतर कान हळूहळू गेले. श्रवणयंत्र आहे, पण यंत्राने आवाज मोठा होतो, स्पष्ट होतोच असे नाही. उरलेले काम ती डोळ्यांनी करते. समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखायला तिला कोणी शिकवले नाही. वर्गात परवचा चालू असताना कोण म्हणतो आहे आणि कोण नुसतेच ओठ हलवतो आहे, हे ओळखायची सवय होती, तीच पुढे कामाला आली, असे ती सांगते.

हे वाटते तितके सोपे नाही. प, ब आणि म या तिन्ही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ आरशासमोर उभे राहून आवाज न करता म्हणून पाहा, म्हणजे कळेल. क आणि ग तर घशाशीच होतात, ओठांना त्यांचा पत्ताही नसतो. म्हणजे अर्धे दिसते, अर्धे संदर्भाने जुळवायचे. आणि ही करामत काही फक्त बहिऱ्यांची नाही. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक गंमत दाखवून दिली. पडद्यावरची व्यक्ती ‘गा’ म्हणते आहे आणि ऐकवला जातो आहे ‘बा’, अशी जुळणी केली, तर पाहणाऱ्या बहुतेकांना चक्क ‘दा’ ऐकू येतो. थोडक्यात, आपण सगळेच थोडेफार डोळ्यांनी ऐकतो. आई जरा जास्त ऐकते, इतकेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पाठोपाठ साऱ्या जगाच्या तोंडाला मास्क लागला. दूधवाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, पोळ्या करणाऱ्या मावशी, सगळ्यांची तोंडे एकाएकी झाकली गेली. मास्कमुळे गैरसोय सगळ्यांचीच झाली; आईचा मात्र गावाशी संवादच तुटला. मी पुण्यात, मध्ये जिल्ह्याची हद्द, ई-पास मिळेना. तिच्या दृष्टीने उघडी तोंडे राहिली ती फक्त व्हिडिओ कॉलवरची. त्यातले मुख्य माझे.

रोज संध्याकाळी सहाला मी लॅपटॉप उघडून बसायचो. पाठीमागे खिडकी. आई पलीकडून मान डोलावायची, ‘बरं, बरं’ म्हणायची. मला वाटायचे, चालले आहे छान. जूनमध्ये एके दिवशी मी तिला म्हणालो, ‘आई, मामाला काल दवाखान्यात ठेवलंय. ताप आहे, दम लागतोय.’ आई प्रसन्न हसली आणि म्हणाली, ‘बरं झालं. छान.’

मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. ती पुन्हा हसली. शेवटी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून पान कॅमेऱ्यासमोर धरले. तिने वाचले आणि तिचा चेहरा उतरला. मामाच्या काळजीने उतरलाच, पण आपण हसलो याची शरम त्याहून मोठी होती. रात्री तिचा मेसेज आला, ‘रोज फोन करत जाऊ नकोस. मला कळत नाही आणि तुला वाईट वाटते. लिहीत जा.’ तीन महिन्यांतल्या कितीतरी ‘बरं, बरं’चा अर्थ मला त्या रात्री लागला. पुढचे चार दिवस तिने फोन उचलला नाही.

आपला चेहरा पलीकडे कसा दिसतो, हे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. मुलीने दुसऱ्या खोलीतून तिच्या फोनवर मला दाखवले. खिडकीच्या उजेडापुढे एक काळी आकृती, खालून दिसणाऱ्या नाकपुड्या आणि तोंडाच्या जागी एक करडा डाग. लॅपटॉपचा कॅमेरा हा तांदळाच्या दाण्याएवढा ऐवज. उजेड कमी पडला की त्याच्या चित्रात बारीक वाळू पसरते, ती लपवायला लॅपटॉप चित्र सारवून काढतो आणि त्या सारवणात पहिल्यांदा ओठांच्या कडा जातात.

या कॅमेऱ्याचे कूळच वेगळे, हेही खरे. वेबकॅमचा जन्म केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली झाला, तो कॉफीसाठी. दुसऱ्या खोलीतल्या भांड्यात कॉफी उरली आहे का, हे जागेवरून उठल्याशिवाय कळावे म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. चित्र काळे-करडे, १२८ बाय १२८ ठिपक्यांचे. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आले आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी बंद होईपर्यंत जगभरचे लोक ते भांडे पाहत होते. कॉफी आहे की नाही एवढे कळले की त्या कॅमेऱ्याचे काम संपले. माझ्या लॅपटॉपमधला त्याचा वंशजही तेच काम चोख करत होता. मुलगा आहे, एवढे तो आईला सांगत होता. मुलगा काय म्हणतो आहे, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

वेबकॅम विकत आणावा म्हटले, तर त्या दिवसांत ते बाजारातून नाहीसे झाले होते. सारे जग घरून काम करत होते. तेव्हा मुलीनेच कपाटाकडे बोट दाखवले. कॅमेरा कंपन्यांनाही ही अडचण कळली होती. कॅननने एप्रिल २०२० च्या अखेरीस, फुजीफिल्मने मे महिन्यात आणि निकॉन व सोनीने ऑगस्टमध्ये असे प्रोग्राम फुकट दिले, की मोठा कॅमेरा साध्या यूएसबी वायरने संगणकाला जोडावा आणि त्याने वेबकॅम म्हणून वागावे. आमच्या कॅमेऱ्याचा त्यात नंबर लागत होता. त्याच्या आतला प्रकाश टिपणारा तुकडा सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच. लॅपटॉपवाल्याच्या कित्येक पट उजेड त्यावर पडतो. वायरने येणारे चित्र फोटोइतके मोठे नसते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसते तेवढेच येते. पण ते स्वच्छ येते, आणि मुळात स्वच्छ असलेले चित्र इंटरनेटच्या चिंचोळ्या वाटेतूनही बरेचसे शाबूत पोचते. वाळूचा प्रत्येक कण वाहून न्यायला जागा लागते. ती वाचली की ओठांच्या वाट्याला येते.

लॅपटॉपच्या मागे तिपाई उभी केली. कॅमेरा माझ्या तोंडाच्या उंचीवर आणला, म्हणजे नाकपुड्या गेल्या. कॅमेऱ्यातला आरसा अशा वेळी वर उचललेलाच राहतो, त्यामुळे वरच्या काचेतून पाहिले तर अंधार. आधी मला वाटले, बिघडला. बॅटरीने कॉल पुरता होण्याआधीच मान टाकली, तेव्हा वायर जोडलेली खोटी बॅटरी मागवली. ती बॅटरीच्या जागी बसते आणि वीज भिंतीतून घेते. काही वेळाने आपोआप झोपी जायची कॅमेऱ्याची सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडली. खुर्ची फिरवून खिडकी समोर घेतली आणि सहानंतरच्या अंधारासाठी टेबललँपपुढे बटर पेपर लावला.

आता मी पडद्यावर जो दिसलो तो थेट वृत्तनिवेदक! भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवले होते, त्यामुळे मागची पुस्तके लोण्यासारखी विरघळलेली. सौ.सुद्धा म्हणाली, ‘फ्रिज नाही घेतला ते बरं केलं.’ मेसेज करून आईला बोलावले. शेजारच्या मुलाने तिचा टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून दिला. आई पाहत राहिली, मग म्हणाली, ‘डोळे छान दिसतात. तोंड मधूनच पुसट होतं.’ बरोबर होते तिचे. भिंग इतके उघडे असले की जेमतेम काही बोटांच्या खोलीतलेच स्पष्ट दिसते. मी बोलण्याच्या भरात पुढे झुकलो की ओठ त्या पट्ट्याबाहेर. देखणेपणाचा मोह सोडला, भिंगाचे तोंड ५.६ पर्यंत आवळले, मागची पुस्तके दिसू लागली तर लागू दिली. खुर्चीच्या पायांशी फरशीवर खडूने खुणा केल्या. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. म्हणून शटर शंभरांश सेकंदावर ठेवले. त्याने चित्रावरचे पट्टे गेले आणि हलते ओठही रेखीव झाले.

तरी आई खूश नव्हती. ‘आवाज आधी येतो आणि तोंड मागून हलतं. डब केलेल्या पिक्चरसारखं.’ हे मात्र मला सुचलेच नसते. चित्र कॅमेऱ्यातून वळसा घालून येते, आवाज लॅपटॉपच्या माइकमधून सरळ जातो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून पाहिली, तर हात भेटण्याआधी टाळी ऐकू आली. तुम्ही-आम्ही ही सेकंदाच्या एखाद-दुसऱ्या दशांशाची तफावत चालवून घेतो. जिला थोडे ऐकू येते आणि थोडे दिसते आणि दोन्ही जोडून शब्द करायचा असतो, तिची त्यात फाटाफूट होते. ओबीएस नावाच्या एका फुकट प्रोग्राममध्ये आवाज हवा तेवढा मागे धरता येतो. टाळ्या वाजवून वाजवून मुलीने तो चित्राशी जुळवला. खालच्या मजल्यावरच्यांना आमच्याकडे रोज आरती चालते असे वाटले.

मग मी सावकाश म्हणालो, ‘मामा घरी आला. परवा सोडलं.’

आई म्हणाली, ‘परवा म्हणजे मंगळवारी? आणि मला आज सांगतोस?’

त्यानंतर अर्धा तास तिने मला उलटतपासणीसारखे विचारले. ऑक्सिजन किती दिवस होता, मामीची तपासणी झाली का, डबा कोण देत होते, बिल किती झाले. एकदाही ‘बरं, बरं’ नाही. शेवटी म्हणाली, ‘सगळं दिसतंय रे आता. फक्त ती मिशी काढ. वरचा ओठ निम्मा तिच्यातच जातो.’

पंचवीस वर्षांची मिशी. आठशे रुपयांची खोटी बॅटरी, तिपाई, भिंग, शंभरांश सेकंद, सगळे झाले. हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो, असे घरात एकमत झाले.

आज एवढा खटाटोप कोणी करू नये. २०२२ पासून आयफोन मॅक संगणकाचा वेबकॅम होऊ शकतो, २०२३ च्या अखेरीपासून काही अँड्रॉइड फोनही. बहुतेकांना तेवढे पुरते. आमची तिपाई अजून जागेवर आहे, कारण फोनचा प्रयोग आईने दोन मिनिटांत नापास केला. ज्यांच्या घरी खणात कॅमेरा पडून आहे आणि पलीकडे ओठ वाचणारे माणूस आहे, त्यांनी एक रविवार खर्चून पाहावा. उजेड मात्र आधी. तो नसेल तर कॅमेरा कितीही मोठा असो, उपयोग नाही.

ई-पासची अट सप्टेंबर २०२० मध्ये उठली आणि मी लगेच साताऱ्याला गेलो. पुण्यात तेव्हा साथ जोरात होती, म्हणून घरात जायचे नाही असे ठरवूनच निघालो होतो. आईने पुढच्या खोलीची खिडकी लावून घेतली. मी बाहेर ओट्यावर उभा राहिलो आणि मास्क काढला. बंद काचेपलीकडून तिला माझे सगळे बोलणे कळत होते. प्रवास कसा झाला, काय आणले आहे, जेवून निघालो की नाही. ऊन माझ्या तोंडावर होते, मिशी नव्हती. मग ती बोलू लागली. बराच वेळ, हातवारे करत, काहीतरी महत्त्वाचे. काचेतून मला एक अक्षर ऐकू येत नव्हते. मी मान डोलावत होतो आणि म्हणत होतो, ‘बरं, बरं.’